दोन तासांच्या आत

इल्म दुरून मिळवता येतो, हे आता कोणाला पटवून द्यावे लागत नाही. २०२० च्या टाळेबंदीने ही गोष्ट घराघरांत पोहोचवली. पण फर्जही दुरून अदा करता येतो काय? हा प्रश्न आम्ही येथे एका विशिष्ट क्षेत्राच्या निमित्ताने मांडत आहोत. ते क्षेत्र म्हणजे 'ग्लोबल सर्जरी' आणि तिचे ऑनलाइन शिक्षण घेऊन त्यात पुढे जाऊ पाहणारे वैद्यकीय विद्यार्थी. उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणाऱ्यांचा शस्त्रक्रियेशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध इतकाच की, डॉक्टर होण्याचे स्वप्न पाहणारी मुले आमच्याच वर्गांत बसतात आणि वेळेवर ऑपरेशन न झाल्याने दगावणारी माणसेही आमच्याच गावांतली असतात. या दोघांची भेट व्हावी, एवढीच या लेखामागची तळमळ आहे.

'ग्लोबल सर्जरी' या नावामुळे अनेकांचा गैरसमज होतो. परदेशात जाऊन करायची मोठी ऑपरेशने, असा अर्थ आपल्याकडे घेतला जातो. वास्तविक अर्थ अगदी उलट आहे. जगातल्या प्रत्येक माणसाला, तो कुठेही राहत असो आणि त्याच्या खिशात काहीही असो, गरजेची शस्त्रक्रिया सुरक्षितपणे व परवडेल अशा खर्चात कशी मिळेल, याचा विचार करणारी ही विद्याशाखा आहे. फार काळ हा विचार झालाच नाही. सार्वजनिक आरोग्य म्हटले की लसीकरण, मलेरिया, क्षयरोग, स्वच्छ पाणी यांचीच चर्चा होई. शस्त्रक्रिया ही श्रीमंतांची, शहरांची, खर्चिक गोष्ट मानली गेली. पॉल फार्मर आणि जिम किम या दोन डॉक्टरांनी २००८ मध्ये लिहिले की, जागतिक आरोग्याच्या घरात शस्त्रक्रिया हे दुर्लक्षित सावत्र मूल आहे. पुढे २०१५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाचा अहवाल आला आणि जगापुढे आकडे उभे राहिले. जगातील ५०० कोटी लोकांना गरज पडल्यास सुरक्षित व परवडणारी शस्त्रक्रिया मिळू शकत नाही. दरवर्षी आणखी १४ कोटी ३० लाख शस्त्रक्रियांची गरज आहे. सर्वांत गरीब देशांत जगाची एक तृतीयांशाहून अधिक लोकसंख्या राहते. पण जगात होणाऱ्या शस्त्रक्रियांपैकी जेमतेम ६ टक्के तिच्या वाट्याला येतात. आणि दरवर्षी ३ कोटी ३० लाख लोक केवळ ऑपरेशनच्या खर्चाने आर्थिकदृष्ट्या उद्ध्वस्त होतात. या आयोगात मुंबईचे सर्जन डॉ. नोभोजित रॉय हेही होते, ही आपल्यासाठी लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आहे.

आयोगाने एक साधे मोजमाप दिले. कोणत्याही माणसाला दोन तासांच्या आत अशा दवाखान्यात पोहोचता आले पाहिजे, जिथे तीन प्रकारची ऑपरेशने होऊ शकतात: अडलेल्या बाईचे सिझर, पोट उघडून करायची तातडीची शस्त्रक्रिया आणि हाड मोडून कातडीबाहेर आले असेल तर त्यावरचा इलाज. ज्या दवाखान्यात ही तीन होतात, तिथे बाकीचीही बहुतेक होऊ शकतात, असा त्यामागचा हिशेब आहे.

आता हे मोजमाप आपल्या हिंगोलीला लावून पाहू. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत असे पाच तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ११ लाख ७७ हजार. आयोगाच्या मते दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला ५,००० शस्त्रक्रिया व्हायला हव्यात. म्हणजे या जनगणनेचा आकडा धरला तरी एकट्या हिंगोली जिल्ह्याला वर्षाकाठी सुमारे ५९ हजार शस्त्रक्रिया लागतात. सर्जन, भूलतज्ज्ञ आणि प्रसूतितज्ज्ञ मिळून लाखामागे किमान २० हवेत. म्हणजे आपल्याला सुमारे २३५ तज्ज्ञ हवेत. हे तज्ज्ञ किती आहेत आणि कुठे कुठे बसतात, हे सांगायला आम्हांला सरकारी कागद चाळण्याची गरज नाही. 'नांदेडला रेफर केले' हे तीन शब्द ज्या घराने ऐकले नाहीत, असे घर या जिल्ह्यात शोधावे लागेल. सोयाबीनच्या हंगामात मळणी यंत्रात हात सापडतो. हळद शिजवताना अंगावर उकळते पाणी सांडते. रात्रीच्या वेळी बाळंतपण अडते. मग १०८ ची गाडी येईपर्यंत काळी-पिवळी जीप शोधायची, कोणाकडून तरी पैसे उसने घ्यायचे आणि निघायचे. दोन तास हा आकडा अहवालात एका ओळीत मावतो. सेनगाव तालुक्यातल्या आडवळणाच्या गावातून पावसाळ्यात निघालेल्या माणसाला तो फार लांब वाटतो.

याच २०१५ सालात आणखी एक घटना घडली. अमेरिकेतील लायगो यंत्रणेने सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर झालेल्या दोन कृष्णविवरांच्या टकरीची लहर टिपली. तशीच यंत्रणा आता आपल्या औंढा नागनाथ तालुक्यात उभी राहत आहे. २०२३ मध्ये केंद्र सरकारने तिला २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. आम्हांला या गोष्टीचा अभिमान आहे आणि आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही ती उत्साहाने सांगतो. पण ती सांगताना एक विचार मनात येतोच. आकाशातला इतक्या दुरून आलेला आवाज ऐकण्याची सोय जिथे होऊ शकते, तिथे शेजारच्या वाडीवरून येणारी हाक ऐकण्याची सोयही व्हायला हरकत नाही. साधने आणि पैसा यांच्याइतकाच हा प्रश्न आपण कशाला महत्त्व देतो याचा आहे.

आता ऑनलाइन शिक्षणाकडे वळू. संयुक्त राष्ट्रांच्या प्रशिक्षण व संशोधन संस्थेच्या पुढाकाराने २०२३ मध्ये 'सर्जहब' नावाचे मोफत शिक्षणाचे दालन इंटरनेटवर सुरू झाले. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठ या विषयाचा दूरस्थ अभ्यासक्रम चालवते. 'इन्सिजन' या नावाने वैद्यकीय विद्यार्थ्यांचे आंतरराष्ट्रीय जाळे आहे. म्हणजे हिंगोलीत बसलेल्या मुलाला, त्याच्याकडे मोबाइल आणि इंग्रजी असेल तर, जगातल्या मोठ्या शिक्षकांचे बोलणे ऐकता येते. पूर्वी हे केवळ पैसेवाल्यांना शक्य होते.

यावर पहिला आक्षेप असा येतो की, शस्त्रक्रिया ही हाताची विद्या आहे, ती पडद्यावर कशी शिकणार? आक्षेप रास्त आहे. टाका कसा घालायचा हे शंभर वेळा पाहिले तरी हात तो पहिल्यांदा घालताना थरथरतोच. रक्ताचा वास आणि नातेवाइकांचा हंबरडा यांची तालीम पडदा देऊ शकत नाही. पण ग्लोबल सर्जरीच्या शिक्षणात केवळ सुरी चालवणे नसते. जिल्ह्यात कोणत्या ऑपरेशनची गरज किती हे कसे मोजायचे, रक्तपेढी कुठे हवी, भूल देणारा नसेल तर काय होते, रुग्णाला कोणत्या टप्प्यावर पुढे पाठवायचे, त्याच्या खिशातून किती जाते, या गोष्टी त्यात असतात. त्या दुरून शिकता येतात, आणि त्या शिकलेला डॉक्टर न शिकलेल्यापेक्षा निश्चितच उपयोगाचा असतो.

शिवाय दुरून शिकणे ही काही इंटरनेटने शोधलेली गोष्ट नव्हे. कुर्तुबाजवळच्या अल-जहरावींनी हजार वर्षांपूर्वी 'अत-तसरीफ' हा ३० भागांचा ग्रंथ लिहिला. त्याचा शेवटचा भाग जर्राहीचा, म्हणजे शस्त्रक्रियेचा होता आणि त्यात सुमारे २०० उपकरणांची चित्रे होती. बाराव्या शतकात क्रेमोनाच्या जेरार्डने त्याचा लॅटिन अनुवाद केला आणि युरोपातील सर्जन कित्येक शतके त्यावरून शिकले. त्यांच्यापैकी कोणीही जहरावींना पाहिले नव्हते. तेही दूरशिक्षणच होते. पण हेच जहरावी त्या भागाच्या आरंभी अडाणी वैद्यांबद्दल बजावून सांगतात. एका वैद्याने शरीररचना न जाणता बाईच्या मानेवरची गाठ कापली, शिरा कापल्या गेल्या आणि ती जागीच मेली, असा प्रसंग ते नोंदवतात. ज्याने चित्रे काढून दुरून शिकवण्याचा मार्ग दाखवला, त्यानेच चित्रांच्या मर्यादाही सांगितल्या. आजच्या विद्यार्थ्याने या दोन्ही गोष्टी एकत्र लक्षात ठेवाव्यात.

दुसरा आक्षेप भाषेचा आहे, आणि तो आम्हां शिक्षकांना अधिक टोचतो. २०१८ पासून 'नीट' परीक्षा उर्दूतूनही देता येते. मुलाने त्या दारातून आत पाय टाकला की पुढे सगळे इंग्रजीत. ऑनलाइन अभ्यासक्रम तर बहुतेक इंग्रजीतच. टाळेबंदीत आम्ही मोबाइलवर वर्ग घेतले, तेव्हा एका घरात एकच मोबाइल, तोही वडिलांबरोबर कामावर गेलेला, अशी अवस्था होती. 'सर्वांसाठी खुले' असे ज्यावर लिहिलेले असते, ते दार सर्वांच्या उंचीचे असतेच असे नाही. इथे आम्हांला तुर्कस्तानातील अमास्याच्या शरफुद्दीन साबुनजूओग्लू यांची आठवण होते. त्यांनी १४६५ मध्ये जहरावींच्या आधारे शस्त्रक्रियेचा सचित्र ग्रंथ लिहिला, तो मुद्दाम तुर्कीत. विद्वानांची भाषा अरबी-फारसी होती. परंतु गावोगावचे वैद्य तुर्की बोलत होते. ज्याला सुरी हातात धरायची आहे त्याला समजेल अशा भाषेत लिहिणे, हा त्यांचा विचार होता. डॉक्टरांचे शिक्षण इंग्रजीत राहील, हे आम्ही मान्य करतो. पण नर्स, आशाताई, रुग्णवाहिकेचा चालक, भूल देणाऱ्याचा मदतनीस यांनाही शस्त्रक्रियेच्या साखळीत शिकावे लागते. त्यांच्यासाठी मराठी, उर्दू, हिंदीत शिक्षण तयार करणे हे काम ग्लोबल सर्जरी शिकलेल्या आपल्या मुलांशिवाय दुसरे कोण करणार?

येथपर्यंत प्रश्न इल्मचा झाला. आता फर्जचा. इमाम गजालींनी 'इह्या उलूमुद्दीन'मध्ये वैद्यकाची गणना फर्ज-ए-किफायामध्ये केली आहे. म्हणजे समाजातील काहींनी ते काम केले तर सर्वांची सुटका होते. कोणीच केले नाही तर सर्व जण गुन्हेगार ठरतात. गजाली पुढे तक्रार करतात की, अनेक शहरांत मुसलमानांमध्ये एकही वैद्य नाही. तरी लोक वैद्यक सोडून कायद्याच्या वादविवादांकडे धाव घेतात, कारण त्यातून पद, पैसा आणि मान मिळतो. गजालींचे निधन ११११ मध्ये झाले. नऊशे वर्षांपूर्वीची ही तक्रार आज वाचली की ती आपल्याच तालुक्याबद्दल आहे असे वाटते. ज्या विद्येला बाजारात भाव, तिकडे गर्दी. ज्या जागेवर गरज, तिथे खुर्ची रिकामी.

म्हणूनच ग्लोबल सर्जरी हे 'करिअर' म्हणून निवडणाऱ्या मुलांना आम्ही एक प्रश्न विचारू इच्छितो. दुसऱ्याच्या अडचणीचा अभ्यास करून आपली प्रगती साधणे आणि त्या अडचणीत त्याच्या बाजूला उभे राहणे, यातला फरक तुम्हांला दिसतो काय? कळमनुरीच्या दवाखान्यावर प्रबंध लिहून कळमनुरी कधीच न पाहणे आज शक्य आहे. असा प्रबंध खोटा असेलच असे नाही; त्यातून एखादे चांगले धोरणही निघेल. पण आम्हांला वाटते, ज्याच्या दुःखावर आपली विद्या उभी आहे त्याचे आपण देणे लागतो. ते देणे प्रमाणपत्राने फिटत नाही.

मात्र, जवळ असणे म्हणजेच सर्व काही, असेही नाही. आपल्याच मराठवाड्यातील बीड जिल्ह्याचे उदाहरण घ्या. तिथे ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भपिशवी काढण्याचे प्रमाण तपासण्यासाठी २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२ हजारांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक स्त्रियांची पिशवी काढलेली आढळली. पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर दंड, पाणी नाही, संडास नाही, विश्रांती नाही. मग 'पिशवीच काढून टाका' हा सल्ला सोयीचा वाटू लागतो. इथे ऑपरेशन करणारा दोन तासांच्या आत होता. गरज नसताना कापू नये, हे सांगणारा विवेक मात्र दूर होता. एकीकडे हवी ती शस्त्रक्रिया मिळत नाही आणि दुसरीकडे नको ती गळ्यात पडते. दोन्ही ठिकाणी भरडली जाते ती गरीब बाईच. म्हणून ग्लोबल सर्जरीचे शिक्षण घेणारा जर केवळ 'अधिक ऑपरेशने' एवढाच धडा शिकला, तर तो अर्धाच शिकला. आजाराच्या मुळाशी असलेले काम, मजुरी, पाणी यांच्याकडे बघण्याची नजर हा त्या शिक्षणाचा दुसरा अर्धा भाग आहे, आणि तो पडद्यावरूनही शिकवता येतो, जर शिकवणाऱ्याने मनावर घेतले तर.

यावर कोणी म्हणेल, तुम्ही गरिबांच्या मुलांकडून संतपणाची अपेक्षा करता. बापाने हातगाडी ओढून, आईने शिवणकाम करून ज्याला शिकवले, त्यानेच खेड्यात जाऊन कमी पैशांत राबावे, आणि धनिकांच्या मुलांनी शहरात रुग्णालये बांधावीत, हा कुठला न्याय? हा आक्षेप आम्हांला सर्वांत वजनदार वाटतो आणि त्याला टाळून पुढे जाता येत नाही. हेमलकसा येथे डॉ. प्रकाश आमटे सर्जरीचे पदव्युत्तर शिक्षण सोडून १९७० च्या दशकात गेले, हे सर्वांना माहीत आहे. पण त्यांच्याबरोबर डॉ. मंदाकिनी आमटे होत्या आणि त्या भूलतज्ज्ञ होत्या, याचा उल्लेख कमी होतो. भूल देणारे कोणी नसेल तर उत्तम सर्जनही हात बांधून बसतो. रक्त नसेल, सिस्टर नसेल, वीज गेली तर जनरेटर नसेल, तरी तेच. एकट्या माणसाच्या त्यागावर शस्त्रक्रिया उभी राहत नाही. तिला माणसांची साखळी लागते. फर्ज-ए-किफायाचा अर्थही हाच आहे. तो एका तरुणाच्या डोक्यावर टाकून बाकीच्यांनी झोपायचे, असा त्याचा अर्थ नाही. जो जाईल त्याला जाता यावे आणि तिथे टिकता यावे, याची व्यवस्था करणे हा उरलेल्या सर्वांचा वाटा आहे.

सरकारचा वाटा सरकारने उचलावा. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी महाराष्ट्रातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन केले, त्यात हिंगोलीचे महाविद्यालय होते. ते उद्घाटनही दूरदृश्य प्रणालीने, म्हणजे पडद्यावरूनच झाले. त्याबद्दल आम्हांला तक्रार नाही. आरंभ पडद्यावरून होऊ शकतो. पुढचे काम मात्र वॉर्डात, प्रसूतिगृहात आणि ऑपरेशन थिएटरमध्ये व्हायचे आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्याने गावातील कुटुंबे दत्तक घेण्याचा उपक्रम आहे. हिंगोलीच्या विद्यार्थ्याने सकाळी अशा कुटुंबात जाऊन, 'तुमच्या घरात शेवटचे ऑपरेशन कोणाचे झाले, कुठे झाले, किती खर्च आला, त्यासाठी काय विकले,' हे चार प्रश्न विचारावेत आणि रात्री ग्लोबल सर्जरीचा ऑनलाइन पाठ ऐकावा. पाठातले आकडे त्याला सकाळच्या चेहऱ्यांवरून समजतील आणि सकाळचे चेहरे पाठातल्या आकड्यांवरून. अशा रीतीने शिकला तर दुरून आणि जवळून यांत भांडण राहत नाही.

आणि आपला, म्हणजे समाजाचा वाटा? तो अगदी साध्या गोष्टींपासून सुरू होतो. प्रत्येक मोहल्ल्यात रक्तगटांची यादी असावी आणि अडीअडचणीला रक्त द्यायला चार तरुण तयार असावेत. मस्जिदीच्या, शाळेच्या किंवा वाचनालयाच्या एका खोलीत इंटरनेट आणि शांतता असावी, म्हणजे एका मोबाइलच्या घरातील मुलीलाही रात्री आठपर्यंत बसून शिकता येईल. मुलीचा उल्लेख आम्ही जाणूनबुजून करत आहोत. ज्या घरात बाईला पुरुष डॉक्टरकडे न्यायला संकोच वाटतो, त्याच घरात मुलीला दहावीनंतर पुढे पाठवायलाही संकोच वाटतो. या दोन संकोचांच्या मध्ये एखादी बाळंतीण अडकून पडते, याचा विचार कोणी करायचा? आम्हां शिक्षकांचा वाटा असा की, उर्दूतून जीवशास्त्र शिकवताना त्याच इयत्तेत इंग्रजी संज्ञाही मुलांच्या तोंडी बसवाव्यात, म्हणजे पुढे त्यांना परक्या घरात गेल्यासारखे वाटणार नाही.

तर मूळ प्रश्नाचे आमचे उत्तर असे. इल्म दुरून मिळतो, आणि आज तो पूर्वीपेक्षा अधिक लोकांना मिळू शकतो. त्याकडे तुच्छतेने पाहणे म्हणजे गरिबाच्या मुलाचे दार बंद करणे होय. पण अमल दुरून होत नाही. शेवटी कोणीतरी रात्री दोन वाजता उठून हात धुवावे लागतात. आपली मुले जगात कुठेही जाऊन शिकोत, बोस्टनचे व्याख्यान वसमतला बसून ऐकोत. त्यांच्या शिक्षणाचे मोल करताना मात्र आपण हिशेब एकच ठेवू या: आपल्या जिल्ह्यातील किती गावे त्यांच्यामुळे दोन तासांच्या आत आली.